‘मॅडम, आय-सेव्हनच लागेल’ म्हणणाऱ्या शेठना खुले पत्र

शेठ,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ने करायची आपल्याकडे रीत आहे. तुमच्याबद्दल प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं तुम्ही काही केलेलं नाही, म्हणून दोन्ही वगळून थेट मुद्द्यावर येतो. तुमचं नाव किंवा दुकानाचा पत्ता इथे देत नाही. वसई, नालासोपारा, विरार, कुठल्याही स्टेशनबाहेर कॉम्प्युटरची दुकानं आहेत आणि त्यांतले कितीतरी दुकानदार सरळ धंदा करतात. तुमच्यापायी त्यांना बोल लागू नये. पत्र तुम्हालाच आहे, हे तुम्हाला पुढच्या दोन-चार ओळींतच कळेल.

गणपतीच्या आधी तुमच्या काउंटरवर एक बाई आल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जुना लॅपटॉप. नंदाखाल-निर्मळ पट्ट्यातल्या, चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. सातिवलीत एक गाळा बंद होत होता, तिथलं लेझर कटिंगचं मशीन त्यांनी फंडाच्या पैशांतून जुन्यात घेतलं आणि घरामागच्या पडवीत बसवलं. नाताळला तारे आणि गोठ्याचे देखावे, भाद्रपदात मखराच्या जाळ्या, उरलेलं वर्षभर घरांच्या पाट्या, असा त्यांचा बेत होता. आधी हौस, जमलं तर चार पैसे. त्यांचा तुम्हाला एकच प्रश्न होता: ‘हा लॅपटॉप मशीनला चालेल का?’

तुम्ही लॅपटॉप चालू करूनही पाहिला नाहीत. मशीन कुठलं, आत कंट्रोलर कोणता, तेही विचारलं नाहीत. उत्तर मात्र तयार होतं: ‘मॅडम, डिझाइनचं काम आहे ना? मग आय-सेव्हनच लागेल. ग्राफिक कार्डाशिवाय लेझर चालूच होणार नाही.’ हे वाक्य बाईंकडून मी पुन्हा विचारून घेतलं, कारण या धंद्यात राहून इतकं उघड खोटं कोणी तोंडावर बोलेल यावर माझा विश्वास बसेना. एक कॅबिनेट गळ्यात मारून ४२ हजार घेतलेत. बिल मागितलं तर म्हणालात, ‘बिल पाहिजे तर १८ टक्के वर पडतील.’ बाई आयुष्यभर शाळेत हिशेबाने वागलेल्या, पण निवृत्त माणसाला साडेसात हजार वर म्हटल्यावर पोटात गोळा येतोच. बिल न घेताच त्या घरी गेल्या.

मशीन काही त्यावर चालेना, तेव्हा तो कॅबिनेट रिक्षात घालून त्या वालीवला माझ्या गाळ्यावर आल्या. मी लाकूड कापायचं-कोरायचं राऊटर मशीन चालवतो, त्यामुळे आसपासची हौशी मंडळी अडलं की माझ्याकडे येतात. आम्ही दोघांनी मिळून तो उघडला. आत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच, पण उद्या तुमच्या काउंटरवर येणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो.

बाजूला काच, पुढे रंग बदलणारे तीन पंखे. मदरबोर्ड नवाकोरा, पण एच-६१ जातीचा, म्हणजे इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी निघालेला. त्यावर आय-सेव्हन २६००. हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला. आय-सेव्हन हे अक्षर-आकड्याचं नाव एवढंच सांगतं की आपल्या पिढीत तो वरच्या दर्जाचा होता. पिढी कोणती, ते त्यापुढचे आकडे सांगतात, आणि ते आकडे तुम्ही बाईंना सांगितले नाहीत. आय-थ्री १२१०० हा २०२२ चा प्रोसेसर नावाने दोन पायऱ्या खाली. पण ड्रॉइंगच्या कामात बहुतेक वेळा एकाच कोअरचा वेग लागतो, आणि तिथे हा आय-थ्री तुमच्या आय-सेव्हनच्या कितीतरी पुढे जातो, वीजही कमी खातो. म्हणजे बाईंनी नावाचे पैसे मोजले आणि २०११ चा वेग विकत घेतला.

मग ग्राफिक कार्ड. खोक्यावर ‘जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी’. विंडोजमध्येही तेच नाव दिसत होतं. पण कार्डाच्या मागे निळं व्हीजीए सॉकेट होतं. त्या कार्डातल्या चिपच्या पिढीपासून एनव्हिडियाने जुन्या पद्धतीच्या मॉनिटरचा सिग्नल द्यायचंच बंद केलं, त्यामुळे खऱ्या १०५० टीआयला निळं सॉकेट असत नाही. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते चालवलं तर कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शब्द आला. कुठलं तरी जुनं कार्ड, त्याच्या आतल्या चिठ्ठीवर नवं नाव लिहिलेलं. हे काम तुम्ही स्वतः केलं नसेल, घाऊक बाजारातून तसंच आलं असेल. पण निळं सॉकेट तुम्हाला दिसलं नाही, हे मी मानणार नाही. रोज हाताळता तुम्ही ती कार्डं.

आणि हार्ड डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर लावल्यावर तिचं वय कळलं: चाळीस हजार तासांच्या वर चाललेली. चोवीस तास सुरू ठेवली तरी साडेचार वर्षं होतात. लेबलवरूनच कळत होतं की ती सीसीटीव्हीच्या डब्यातून काढलेली आहे. एखाद्या सोसायटीच्या गेटवर दिवसरात्र राबलेली ती डिस्क तुम्ही एका शिक्षिकेच्या डिझाइनांसाठी नवी म्हणून बसवलीत.

जुना माल विकणं गुन्हा नाही. मी स्वतः गाळ्यात जुन्याच मशीनवर काम करतो आणि ज्याला-त्याला जुना कॉम्प्युटर घ्या असंच सांगतो. माझी तक्रार वेगळी आहे. बाईंच्या मशीनला तुमच्या कॅबिनेटची गरजच नव्हती.

त्यांच्या लेझर मशीनमध्ये रुईडा कंट्रोलर आहे. चीनमधून आपल्याकडे येणाऱ्या मध्यम आकाराच्या सीओटू लेझर मशीनमध्ये हा सर्रास असतो. त्याचं काम असं चालतं: कॉम्प्युटरवर डिझाइन तयार करायचं, कुठली रेघ किती वेगाने आणि किती ताकदीने कापायची ते ठरवायचं, आणि फाईल कंट्रोलरच्या मेमरीत टाकायची. यूएसबीने टाका, नेटवर्कच्या वायरने टाका, नाहीतर पेनड्राइव्हवर घालून मशीनला लावा. एकदा फाईल आत गेली की कॉम्प्युटरचं काम संपलं. पुढे मोटर किती फिरवायची, ट्यूबला किती ताकद द्यायची, सगळं कंट्रोलर पाहतो.

आम्ही बाईंच्या पडवीत जाऊन तोच जुना लॅपटॉप, जो तुम्ही उघडून पाहिला नाहीत, नेटवर्कच्या वायरने मशीनला जोडला. कंट्रोलरसोबत मिळणारं आरडीवर्क्स सॉफ्टवेअर त्यावर आधीच होतं. एका ताऱ्याची फाईल टाकली, मशीनवर स्टार्ट दाबलं, आणि कापणं सुरू झाल्यावर लॅपटॉपची वायर काढून झाकण बंद केलं. मशीन थांबलं नाही. तीन मिलिमीटर एमडीएफमधून पाच टोकांचा तारा कापून हेड आपल्या जागी परत गेलं. बाई त्या बंद लॅपटॉपकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिल्या. ‘म्हणजे ते ४२ हजार...’ एवढंच म्हणाल्या. ते वाक्य पुरं करायची जबाबदारी तुमची आहे, शेठ.

नेटवर्कची वायर मी मुद्दाम लावायला सांगितली. सीओटू ट्यूबला हजारो व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि पडवीतलं अर्थिंग कसं असतं ते आपण वसईकर जाणतो. अर्थिंग ढिलं असेल तर यूएसबी मध्येच तुटते. नेटवर्कच्या सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे मशीन आणि कॉम्प्युटर विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून वेगळे राहतात. दोनशे रुपयांची वायर आणि नीट केलेलं अर्थिंग, हे त्यांना सांगितलं असतंत तर बाईंनी तुम्हाला जन्मभर दुवा दिला असता.

आता बाकीच्या मशीनचंही सांगतो, कारण तुमच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक रुईडावालं नसतं, आणि तुम्ही मात्र सगळ्यांना एकच डबा दाखवता.

हौशी पोरं जी छोटी डायोड लेझर किंवा टेबलावरची राऊटर घेतात, त्यांत बहुधा जीआरबीएल हे कंट्रोलरचं सॉफ्टवेअर चालतं. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. मूळ जीआरबीएल ज्या आर्डुइनो ऊनो बोर्डावर चालतं, त्यातल्या चिपचा वेग १६ मेगाहर्ट्झ आणि मेमरी २ किलोबाइट. नीट वाचा, किलोबाइट. कॉम्प्युटरने करायचं ते इतकंच की जी-कोडच्या, म्हणजे टूल कुठे न्यायचं त्या सूचनांच्या, ओळी एकामागून एक पाठवत राहायच्या. बोर्ड एका वेळी साधारण १२८ अक्षरं घेऊन ठेवतो आणि पुढची मागतो. हे काम चार जीबी रॅमचा कुठलाही लॅपटॉप करेल. मात्र इथे कॉम्प्युटर शेवटपर्यंत जागा राहायला हवा. रुईडासारखं झाकण बंद करून चालत नाही. नालासोपाऱ्याच्या एका मुलाने प्लायच्या शीटवर मखराची जाळी लावली होती. पाऊण काम झालं आणि विंडोजने अपडेटसाठी स्वतःला रीस्टार्ट केलं. टूल प्लायमध्ये रुतून बसलं, शीट भंगारात गेली. त्याला ताकदवान कॉम्प्युटरची गरज नव्हती. स्लीप बंद कर, काम लावण्याआधी अपडेट थांबव, लाइट गेली तर लॅपटॉपची बॅटरी टिकते की नाही ते बघून घे, एवढं कोणीतरी सांगायला हवं होतं. कॉम्प्युटर त्याने तुमच्यासारख्याच एका शेठकडून घेतला होता. त्याला पंख्यांचे रंग बदलायचा रिमोट फुकट मिळाला.

मोठ्या लाकडाच्या राऊटरवर आपल्या वालीव-पेल्हार भागात बहुतेक गाळ्यांत डीएसपी असतो, म्हणजे हातात धरायचा रिमोटसारखा कंट्रोलर. पेनड्राइव्ह लावला, फाईल निवडली, शून्य पकडलं, स्टार्ट. गाळ्यात कॉम्प्युटर लागतच नाही. लाकडाच्या भुशात कॉम्प्युटर ठेवूच नये, एमडीएफची पूड पंख्यात जाऊन बसते आणि प्रोसेसर तापून बंद पडतो. डिझाइन घरी करा, फाईल पेनड्राइव्हवर न्या. मी तसंच करतो.

एक जागा अशी आहे की तिथे कॉम्प्युटर नीट निवडावा लागतो. जुन्या राऊटरवर माक-थ्री हे सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टमधून मोटरला एक-एक टिक पाठवतं. टिक उशिरा गेली की स्टेप सुटते आणि गोल लंबगोल होतो. त्यासाठी ३२-बिटचं जुनं विंडोज आणि खऱ्या पॅरलल पोर्टचा डेस्कटॉप लागतो. लॅपटॉप चालत नाही, यूएसबीला जोडलेला नकली पोर्टही चालत नाही. तुमचा काचेचा डबा तर मुळीच नाही. असा कॉम्प्युटर इंटरनेटला न जोडता नुसता मशीनपुरता ठेवायचा. विंडोजला कंटाळलेल्याने लिनक्ससीएनसी घ्यावं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या कामातून ते पुढे आलं आणि फुकट आहे. त्यात लेटन्सीची, म्हणजे उशीर मोजायची, चाचणी असते. तासभर चालवून तो कॉम्प्युटर टिक वेळेवर देतो की नाही ते आकड्यात कळतं. कधीकधी दहा वर्षांचा ऑफिसातला डबा नव्या महागड्या कॉम्प्युटरपेक्षा चांगला निकाल देतो. अशी चाचणी दुकानात करून दाखवणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही. तुम्ही पहिले होऊ शकला असता.

तेव्हा कॉम्प्युटर लागतो तो मुख्यतः चित्र काढायला. आणि आपल्या मराठी पाट्यांचं काम कुठलं आय-सेव्हन करून देत नाही, ते हातानेच करावं लागतं. बाईंनी पहिली पाटी कापली ती एका घराच्या नावाची. अक्षरांच्या शिरोरेषा फॉन्टमध्ये एकमेकांवर थोड्या चढलेल्या असतात. तसंच लेझरला दिलं तर प्रत्येक जोडावर उभी चीर पडते आणि पाटीची अक्षरं सुटी होऊन हातात येतात. म्हणून आधी अक्षरांचं पाथमध्ये रूपांतर करायचं आणि मग सगळी अक्षरं युनियन करून एकजीव करायची. ते जमलं की देवनागरीचा मोठा फायदा दिसतो: एका शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकाच तुकड्यात निघतो. इंग्रजी पाटीला एक-एक अक्षर चिकटवत बसावं लागतं, आपला शब्द उचलला की भिंतीवर लागतो. पण अनुस्वार वेगळा पडतो, त्याला शिरोरेषेशी बारीक धागा द्यावा लागतो. उलट पाटीतून अक्षर कोरून काढायचं असेल तर ‘व’, ‘ब’, ‘प’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, त्याला पूल द्यावा लागतो. बाई चित्रकलेच्या, त्यांना हे एका दुपारात उमगलं. पूल असा ठेवला की ‘व’चं पोट वेताच्या टोपलीसारखं दिसतं, हे मला त्यांनी शिकवलं.

हे सगळं त्यांनी इंकस्केपमध्ये केलं. २००३ पासून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. युनिकोड मराठी त्यात नीट जुळून येतं. मुंबईच्या एक टाइपने काढलेले मुक्त, बलू यांसारखे फॉन्ट विनामूल्य आणि खुल्या परवान्याचे आहेत, ते पाटीच्या कामाला उत्तम चालतात. मापाची नेमकी रचना हवी असेल तर फ्रीकॅड आहे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. लेझरवर आरडीवर्क्सपेक्षा सोपं काही हवं असेल तर लाइटबर्न विकत घ्यावं. महिनाभर तपासून पाहायला ते फुकट देतात. फक्त एक लक्षात ठेवावं: त्याच्या नव्या आवृत्त्या लिनक्सवर येत नाहीत, म्हणून लेझरजवळच्या कॉम्प्युटरवर विंडोज ठेवलेलं बरं.

तुम्ही काय केलंत? ‘सगळं सॉफ्टवेअर टाकून देतो’ म्हणत चोरीचं कोरल आणि चोरीचं आर्टकॅम भरून दिलंत. आर्टकॅम २०१८ मध्ये ऑटोडेस्कने बंदच केलं, म्हणजे तुम्ही दिलं ते न बनणाऱ्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत. क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवलात. आणि हे करताना जोखीम कोणाच्या डोक्यावर टाकलीत? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब सांगतं की सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. बाई तर पाट्या विकणार होत्या. निवृत्त शिक्षिकेच्या डोक्यावर तुम्ही हे ओझं ‘फ्री सर्व्हिस’ म्हणून ठेवलंत.

विंडोजचंही तेच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० चिप आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. तुमचा २०११ चा प्रोसेसर त्या यादीत नाही. तुम्ही तपासणी चुकवून विंडोज ११ बसवलंत आणि ‘लेटेस्ट आहे’ म्हणालात. अशा कॉम्प्युटरला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शेठ, ही तारीख तुमच्या धंद्याची तारीख आहे. मोठ्या ऑफिसांतून पाचव्या-सहाव्या पिढीचे हजारो डबे आता बाहेर येणार, आणि ते वसई-विरारच्या हौशी माणसांच्या गळ्यात ‘डिझाइनसाठी खास’ म्हणून पडणार.

बाईंना काय घ्यायला सांगितलं असतं, तेही लिहितो, म्हणजे नुसती तक्रार केली असं व्हायला नको. मशीनसाठी काही नाही, लॅपटॉप आहेच. त्यातली डिस्क काढून एसएसडी घाला, हा एकच खर्च जुन्या कॉम्प्युटरचा कायापालट करतो. मोठं चित्र काढायला डेस्कटॉप हवाच असेल तर ऑफिसमधून भाड्याची मुदत संपून निघालेला आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, आय-फाइव्ह ८५०० सारखा, १६ जीबी रॅम आणि नवी एसएसडी. त्यातल्या अंगच्या ग्राफिक्सवर इंकस्केप आणि फ्रीकॅड आरामात चालतं. हे सगळं तुमच्या ४२ हजारांच्या निम्म्यात बसतं. उरलेल्या पैशात चांगला मॉनिटर, छोटा यूपीएस आणि धूर बाहेर टाकणारा पंखा. वेगळं ग्राफिक कार्ड लागतं ते ब्लेंडरमध्ये देखावे रंगवायला किंवा कोरीव उठावाची जड त्रिमिती फिरवायला, तेही रोज करणाऱ्याला. आणि उठावाच्या कामात रॅमवर आधी खर्च करावा, कार्डावर नंतर.

मला राग का येतो, ते सांगतो. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली. तेव्हापासून मखराचं काम पुठ्ठा, प्लाय, एमडीएफकडे वळलं, आणि हे काम घरच्या घरी, छोट्या मशीनवर होऊ शकतं. आपल्याकडे पूर्वेला गाळ्यांत कारागीर आहेत, पश्चिमेला गावागावांत नाताळचे तारे आणि गोठे बनवणारे हात आहेत. त्यांच्या मधोमध तुमचं दुकान आहे. याउलट पाहा, पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या साथीने तिथे फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी गावात, शाळा सुटलेल्या मुलांच्या हातात अशी यंत्रं दिली गेली. तिथे कोणी पोरांना म्हणालं नाही की आय-सेव्हन आणा मग या. हातात जे आहे त्यावर काम सुरू करा, अशीच तिथली शिकवण. त्यानंतर इतकी वर्षं उलटली, आणि आपल्याकडे, मुंबईच्या लोकलला जोडलेल्या शहरात, एक शिक्षिका स्वतःचा चालता लॅपटॉप घेऊन येते आणि तिला तो निकामी आहे असं सांगितलं जातं. बाई तुमच्या दुकानातून निघाल्या तेव्हा त्यांना वाटलं की आपल्याला हे झेपणार नाही. मशीन विकून टाकायचा विचार त्या करत होत्या. ४२ हजारांपेक्षा हा तोटा मोठा होता, आणि तो तुम्ही केलात.

आता कामाचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुम्ही वाचला नसेल. जुना किंवा नव्याने जुळवलेला माल नवा म्हणून सांगणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हेसुद्धा त्याच व्याख्येत येतं. तुम्ही म्हणाल की बाईंनी धंद्यासाठी घेतला, मग त्या ग्राहक कशा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्यात व्यापारी हेतूत मोजली जात नाही, हेही त्यातच स्पष्ट लिहिलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक बाईंनी फोनमध्ये घालून ठेवला आहे. तुम्हाला पाठवलेल्या पैशांची नोंद त्यांच्या बँकेच्या खात्यात आहे. निळ्या सॉकेटचा, डिस्कच्या तासांचा आणि जीपीयू-झेडच्या खिडकीचा फोटो माझ्याकडे आहे.

येत्या शनिवारी सकाळी बाई आणि मी तुमच्या दुकानात येतो. कॅबिनेट, कार्ड, डिस्क, पंख्यांचा रिमोट, सगळं सोबत असेल. पैसे परत द्या, किंवा त्या पैशांत आठव्या पिढीचा खरा डेस्कटॉप आणि उरलेली रक्कम द्या, आणि दोन्हींपैकी जे द्याल त्याचं पक्कं बिल द्या, त्यात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅमची जात आणि डिस्कचा सीरियल नंबर लिहून. अकरा वाजता येतो. त्या वेळी गर्दी असते, ते आम्हाला माहीत आहे.

वालीवच्या एका गाळ्यातून,
तुमच्या गिऱ्हाइकाचा शेजारी